घरातल्या खाऱ्या टँकमध्ये कांदळ वाढवायचंय? मग आधी लाईट कुठे टांगणार ते ठरवा

आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "अरे, शेवग्याच्या शेंगा फिशटँकमध्ये काय उभ्या केल्यास, माझ्याकडे दिल्या असत्यास तर आमटीत तरी गेल्या असत्या." दिसतातच तशा, तिची चूक नाही. कांदळ म्हणजे खाडीतलं मॅन्ग्रोव्ह, त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि त्याची लांबलचक हिरवी शेंग लोंबायला लागते, मग ती गळून चिखलात उभी रुतते किंवा भरतीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे कुठेतरी लागते. म्हणजे आपण टँकमध्ये लावतो ते बी नाहीच, ते आधीच अर्धं झालेलं रोप असतं, सोबत काही महिन्यांचा डबा बांधून आलेलं. आणि सगळा घोळ या डब्यामुळेच होतो. सुरुवातीला तुम्ही काहीही चुका करा, शेंग आपली हिरवीगार दिसत राहते, आपल्याला वाटतं वा काय मस्त जमलंय, आणि डबा संपला की एका महिन्यात सगळं सुकतं.

माझ्या पहिल्या तीन शेंगा अशाच गेल्या. त्या का गेल्या ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. माझा दोन फुटी मरीन टँक, त्यावर कोरलसाठी घेतलेली निळी रीफ लाईट, पाण्यापासून साधारण वीतभर वर. ज्या दुकानातून घेतली त्याने छातीठोकपणे सांगितलं की साहेब एवढी महागाची लाईट आहे, मॅन्ग्रोव्हला पण चालेल. शेंगा मागच्या काचेला उभ्या लावल्या. दीड-दोन महिन्यांत टोकं फुटली, पानं आली, आणि पानं आली ती थेट लाईटच्या पट्टीच्या वर! म्हणजे लाईट खाली पाण्यावर पडतेय आणि पानं तिच्या डोक्यावर अंधारात. एक पान पट्टीच्या गरम पत्र्याला टेकून कडेने तपकिरी झालं ते वेगळंच. फोनवर उजेड मोजणारं फुकटचं लक्स मीटर ॲप टाकून पानापाशी धरलं तर आकडा आला नऊशे. उन्हात गच्चीवर तोच आकडा लाखाच्या आसपास जातो. म्हणजे मी कांदळाला जवळपास कपाटात ठेवलं होतं.

तर डोक्यात पक्कं करायची गोष्ट ही की कांदळ हे टँकमधलं झाड नाही, टँकवरचं झाड आहे. मुळं पाण्यात, सगळा कारभार हवेत. त्याला लाईट पाण्यावर नको, पानावर पाहिजे. तुमच्या कोरलची लाईट आणि कांदळाची लाईट या दोन वेगळ्या लाईटी आहेत, एकात भागवायला गेलात की दोघांपैकी एकाचं वाटोळं.

आता लाईट कुठली. महागडं काही नको. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो साधा ३० वॅटचा एलईडी फ्लडलाईट, ६५०० केल्विनचा म्हणजे ज्याला आपल्याकडे कूल डेलाईट म्हणतात तो, आणि आयपी६५ लिहिलेला बघून घ्या कारण खाली खारं पाणी आहे. पिवळा वॉर्म घेतला तरी झाड मरणार नाही पण टँक चहासारखा दिसतो. जांभळ्या ग्रो लाईटवर पण झाड वाढतं, फक्त हॉलमध्ये पाहुणे आले की डान्सबारमध्ये बसल्यासारखं वाटतं, त्यामुळे घरात शांतता हवी असेल तर पांढराच घ्या.

अंतर सगळ्यात महत्त्वाचं. असा ३० वॅटचा दिवा पानापासून साधारण एक फुटावर असेल तर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड मिळतो, दोन फुटांवर नेला की अडीच हजार राहतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई. आपल्या डोळ्याला हा फरक कळतच नाही, डोळा म्हणतो लख्ख तर आहे. म्हणून फोन वापरा. फोनचा सेन्सर पुढच्या बाजूला वर कुठेतरी असतो, तो वरच्या पानाच्या उंचीवर आडवा धरा आणि आकडा बघा. मी १० ते १५ हजारांच्या मध्ये ठेवतो आणि रोज १२ तास, टायमर लावून. ज्यांना पारचा, म्हणजे झाडाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचा, आकडा लागतो त्यांनी पांढऱ्या एलईडीच्या लक्सला साधारण ६५ ने भागावं, म्हणजे १२ हजार लक्सचे १८५ च्या आसपास येतात. हा हिशोब निळ्या लाईटला लावू नका हां, लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात आणि डोळ्याला निळा कमी दिसतो, त्यामुळे तिथे आकडा उगाच बारीक येतो. विजेचं म्हणाल तर ३० वॅट, १२ तास, महिन्याला साधारण ११ युनिट. तेवढं परवडतं.

दिवा फिक्स करू नका. झाड वर चढणार, दिवा पण वर चढला पाहिजे. मी पडद्याच्या रॉडला दोन साखळ्या अडकवल्यात आणि हुक एकेक कडी वर घेत जातो, दिसायला जुगाड आहे पण तीन वर्षं चाललंय. वायर प्लगकडे जाताना मध्ये एक झोल देऊन खाली लोंबती ठेवा म्हणजे पाण्याचा थेंब वायरवरून घरंगळत सॉकेटमध्ये न जाता तिथेच खाली पडेल. आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर कांदळाच्या आधी तो बसवून घ्या, नुसता एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. खारं पाणी आणि वीज यांच्यात गंमत नसते.

खिडकीचं काय, असं सगळेच विचारतात. पश्चिमेची किंवा दक्षिणेची खिडकी असेल आणि तीन-चार तास थेट ऊन पानावर येत असेल तर दिव्याची गरज कमी होते, पण ऊन टँकच्या काचेवर पडलं की शेवाळ आणि एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ च्या वर. कांदळाला ३२ चं काही नाही, मासे आणि कोरल कुरकुरतात. माझ्या मते खालच्या अर्ध्या काचेला मागून काळा कागद लावून वरून ऊन घ्यावं. आणि पावसाळ्यात ढग आले की दिवा लागतोच, ते चार महिने विसरू नका.

अजून एक गैरसमज. सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, रिफ्युजियम म्हणजे शेवाळाचा कप्पा करून रात्री लाईट लावतात, म्हणजे दिवसा टँक आणि रात्री रिफ्युजियम, त्याने पीएच रात्री फार पडत नाही. हे शेवाळासाठी बरोबर आहे कारण ते पाण्यातला कार्बन डायऑक्साईड ओढतं. कांदळाची पानं हवेत असतात, ती तुमच्या हॉलमधली हवा ओढतात, पाण्याच्या पीएचशी त्यांना देणंघेणं नाही. तेव्हा कांदळाला दिवसा लाईट द्या, तुम्हाला बघायला तरी मिळेल.

आता शेंगा आणायच्या कुठून, आणि इथे जरा स्पष्ट बोलतो. खाडीत उतरून तोडून आणू नका. गळून पडलेल्या पण उचलू नका. आपल्याकडची कांदळवनं सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रात, येतात, बरीचशी वन म्हणून अधिसूचित आहेत, आणि वनातून आणलेलं पान-फळ-बी हे सुद्धा कायद्याने वनोपजच असतं. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्ये आणि परत २०१८ मध्ये कांदळवन तोडीवर कडक आदेश दिलेत. वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, तिथे विचारा, रोपवाटिकेतून रीतसर मिळतंय का बघा. मी एका रोपवाटिकेतून पावती करून आणल्या, चार शेंगा आणि एक फुकटचा सल्ला, की जास्त हात लावू नकोस. चार शेंगांना तेवढंच पुरतं. (२६ जुलै हा जागतिक कांदळवन दिवस आहे, युनेस्कोने २०१५ मध्ये ठरवला. मुंबई-ठाण्याच्या माणसाला ती तारीख दुसऱ्याच कारणाने पाठ आहे.)

जात कुठली घ्यायची? कोकणात रायझोफोराच्या, म्हणजे कांदळाच्या, दोन जाती आहेत. म्युक्रोनाटाची शेंग हातभर, कधी त्याहून लांब, ती दोन फुटी टँकमध्ये बांबू रोवल्यासारखी दिसते. अपिक्युलाटाची लहान, साधारण फूटभर किंवा त्याहून कमी, घरासाठी तीच बरी. परदेशात राहणाऱ्यांना दुकानात मिळते ती रायझोफोरा मँगल, अमेरिकेतली लाल मॅन्ग्रोव्ह, ती पण लहानच असते आणि पुढचं सगळं तिला तसंच लागू. तिवर घेऊ नका असं माझं मत, ती ठाणे खाडीत जिकडेतिकडे दिसते म्हणून सोपी वाटते पण तिची श्वसनमुळं वाळूतून पेन्सिलींसारखी वर येतात आणि छोट्या टँकमध्ये माशांना फिरायला जागा उरत नाही. आणि आपली पांढरी चिप्पी, २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलेली, ती सुंदर असली तरी घरात आणायचं झाड नव्हे, तिला खाडीतच बघा.

शेंग घेताना हातात धरून दाबा, कडक पाहिजे, मऊ लागली तर सोडून द्या. भुंग्याने पाडलेली टाचणीएवढी भोकं आहेत का बघा. निमुळतं टोक, म्हणजे जिथे कळी आहे ते, शाबूत पाहिजे, ते मोडलेलं असेल तर ती शेंग फक्त आईच्या आमटीची, आणि आमटीत पण घालू नका. पूर्ण पिकलेल्या शेंगेला वरच्या बाजूला फळापाशी एक गळपट्टी दिसते, म्युक्रोनाटाला पिवळसर, अपिक्युलाटाला लालसर. कच्ची तोडलेली असेल तर ती हिरवी किंवा नसतेच. वरखाली कसं ओळखायचं तर जाडसर तपकिरी टोक खाली, कळीचं हिरवं टोक वर. उलटी लावणारे लोक मी बघितलेत, त्यात मी एकदा होतो.

घरी आणली की लगेच रीफच्या पाण्यात सोडू नका. रोपवाटिकेत त्यांना बऱ्याचदा गोडं नाहीतर निमखारं पाणी असतं, आणि तुमच्या टँकमध्ये ३५ पीपीटी, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. मी एका बादलीत गोड्या आरओ पाण्यापासून सुरुवात करतो आणि दर आठवड्याला साधारण पाच पीपीटी मीठ वाढवत नेतो, दीड-दोन महिने जातात, जाऊ देत. कांदळाला खरं म्हणजे अर्ध्या खाऱ्या पाण्यात जास्त जोमाने वाढ येते, पूर्ण समुद्राच्या पाण्यात ते जगतं पण निवांत जगतं. त्यामुळे ज्यांना कोरल नकोच आहेत त्यांनी निमखारा टँक करावा, त्यात मोनो, स्कॅट, आर्चर फिश ठेवता येतात, जागा असेल तर निवट्या पण, ज्या कोळणीच्या पाटीत मिळतात त्याच, फक्त त्यांना चढून बसायला चिखलवाळूचा उतार लागतो आणि वर झाकण, नाहीतर सकाळी सोफ्याखाली सापडतात.

बादलीत किंवा टँकमध्ये शेंग उभी टांगायची, आणि खालचं फक्त चार-पाच सेंटीमीटर टोक पाण्यात. थर्माकोलच्या तुकड्याला भोक पाडून अडकवतात लोक पण त्याचे गोळे सुटून पंपात जातात, मी स्पंजची जाड पट्टी काचेला चिमट्याने लावतो आणि त्यात शेंग खोचतो. या दिवसांत जोरदार लाईटची घाई नाही, खोलीतला चांगला उजेड पुरतो. दोन ते चार आठवड्यांत खालच्या टोकाला पांढरे फोड येतात, तांदळाच्या कणीएवढे, आणि त्यातून मुळं. मुळं बोटभर झाली की मग लावायचं. जाळीच्या कुंडीत किंवा भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाईपच्या तुकड्यात बारीक ॲरागोनाईट वाळू भरा आणि शेंगेचा खालचा एक तृतीयांश भाग आत, त्याहून जास्त नाही. थेट टँकच्या वाळूत लावलंत तर दोन वर्षांनी ते हलवता येत नाही आणि मुळं तोडून काढलंत तर झाड जवळजवळ गेलंच. खाडीतला चिखल मात्र आणू नका, त्यात तेल, शहराची घाण काय काय असतं, नैसर्गिक म्हणून कौतुकाने आणाल आणि मासे घालवून बसाल.

आणि मग एक दिवस टोकाची ती हिरवी चोच सैल होते. हे बघण्यासारखं असतं खरंच. आधी आठवडाभर ती फक्त थोडी फुगते, तुम्हाला वाटतं आपल्याला भास होतोय. मग एका बाजूने चीर पडते, आतली दोन पानं एकमेकांना गुंडाळलेली, ओली चकचकीत, मेणाची केल्यासारखी, आणि बाहेरचं आवरण कांद्याच्या सालीसारखं गळून पाण्यावर तरंगतं. माझ्या चौथ्या शेंगेला यायला तीन महिने लागले, मी टाकून देणार होतो, बायको म्हणाली राहू दे अजून महिनाभर. या दिवसापासून लाईट चालू. पण पहिले आठ-दहा दिवस दिवा दीड-दोन फुटांवर ठेवा आणि मग हळूहळू फुटावर आणा, कोवळं पान एकदम करपतं. आणि या दिवसानंतर पाण्याची पातळी कधीही पानापर्यंत जाता कामा नये. माझ्या ऑटो टॉपअपचा, म्हणजे आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राचा, फ्लोट एकदा अडकला, रात्रभर पानं पाण्याखाली, सकाळी पाणी काढलं तरी चार दिवसांत ती काळी पडली.

पानावर पाणी फवारायचं का? फवारायचं, पण कारण नीट समजून घ्या. सगळे सांगतात की झाड पानातून मीठ टाकतं ते धुवायचं. ते तिवराचं खरं आहे, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राकडे गेलात तर तिवराच्या पानावर हलकं बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागतं. कांदळाला तशा ग्रंथी नसतात, ते मीठ मुळाशीच अडवतं, बहुतेक सगळं. मग आपल्या पानावर मीठ येतं कुठून, तर पंपाचे बुडबुडे फुटून जे तुषार उडतात त्यातून, आणि घरात पाऊस पडत नाही म्हणून ते धुतलं जात नाही, त्यात धूळ बसते, आणि पानावर थर बसला की तुमचा १२ हजार लक्सचा हिशोब वाया. म्हणून दोन दिवसाआड आरओ पाण्याने फवारा, आई तुळशीला मारते तोच स्प्रे चालतो, फक्त त्यात कधी कीटकनाशक भरलेलं नसावं. दिव्याची काच पण पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा, स्विच बंद करून. मी एकदा तीन महिन्यांनी पुसली तर फोनवर जवळपास दोन हजार लक्स वाढले, नवीन दिवा घ्यायला निघालो होतो.

पानं पिवळी पडली की कुठली पडली ते बघा. खालची जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी होत असतील तर मॅग्नेशियम तपासा, समुद्राच्या पाण्यात ते १३०० पीपीएमच्या आसपास असतं. वरची नवीन पानं पिवळट आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोह कमी. नुसतं एखादं सगळ्यात खालचं पान पिवळं होऊन गळालं तर काही नाही, ते म्हातारं झालं होतं, फक्त पाण्यातून उचलून टाका, कुजलं की नायट्रेट वाढतं. सगळं झाड बारीक, दोन पेरांमधलं अंतर लांब आणि खिडकीकडे वाकलेलं असेल तर खत-बित शोधू नका, उजेड कमी आहे. पिठ्या ढेकूण म्हणजे पांढरा कापसासारखा किडा लागला तर कानातल्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक पुसा. औषध फवारू नका, एक थेंब खाली पडला तरी कोळंब्या पहिल्या जातात.

आणि हो, नायट्रेट कमी करायला कांदळ लावताय असं असेल तर सरळ सांगतो, नका लावू. दोन-चार रोपं वर्षात किती पानं काढतात मोजा, तेवढंच ती पाण्यातून घेणार. त्या कामाला कीटोमॉर्फा शेवाळाचा एक गुंडा कितीतरी जास्त उपयोगी. कांदळ लावायचं ते कांदळ आवडतं म्हणून.

छाटणीचं एकच लक्षात ठेवा. उंची आवरायची तर वरची कोवळी कळी चिमटीने खुडा, मग खालच्या पानांच्या बगलेतून फांद्या फुटतात. पण पानं नसलेल्या जुन्या लाकडात कापलंत तर तिथून परत फुटत नाही, हा आंबा-पेरू नाही. म्हणून पाच-सहा जोड्या पानं असतानाच ठरवा किती उंच हवंय. वर्षभरात खुडायची वेळ आली तर नशीबवान समजा. आधाराची मुळं, ती कमानीसारखी खोडातून बाहेर येणारी, त्यांना वर्ष-दोन वर्षं लागतात आणि सगळ्यात आधी ती खोडावर एका साध्या फोडासारखी दिसतात, रोग समजून खरवडू नका.

सुट्टीचं राहिलं. गणपतीला आम्ही आठ दिवस गावी जातो आणि पहिल्या वर्षी मी त्यातच गंडलो. टँकमधलं पाणी उडतं, त्यात झाड पण पिऊन हवेत सोडतं, पण मीठ सगळं आतच राहतं, त्यामुळे भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, खाऱ्याची नाही. शेजारच्या काकांनी प्रेमाने खारं घातलं, फिशटँक खारा म्हणून पाणी पण खारं, बिचाऱ्यांचं लॉजिक बरोबरच होतं. आलो तेव्हा ४१ पीपीटी. आता मी पाच लिटरच्या आठ बाटल्या भरून नंबर टाकून ठेवतो, रोज एक, पण सगळी ओतायची नाही, काचेवर स्केचपेनने रेघ मारलीये, रेघेपर्यंत पाणी आलं की थांबायचं. काका दुपारी जेवून झाल्यावर येतात, ओततात, आणि मला पानांचा फोटो पाठवतात.